मराठवाड्यात सिनेमा केला, सेन्सॉरचं प्रमाणपत्र कसं काढायचं?

लातूर, बीड, नांदेड, परभणीकडे तयार झालेला सिनेमा मुंबईत बोर्डापुढे अडकला की गावाकडे लगेच बोललं जातं, ‘विषय झोंबला असणार.’ विषय क्वचित झोंबतोही. पण पुष्कळदा कारण साधं असतं. बैलाच्या परवानगीचा कागद नसतो, तंबाखू मळणाऱ्या आजोबांच्या दृश्याखाली सूचना नसते, संवादांची यादी एका आवृत्तीची आणि पडद्यावरचा सिनेमा दुसऱ्याच आवृत्तीचा असतो. यातली बरीचशी कामं शूटिंगच्या आधी करायची असतात आणि नंतर ती करता येत नाहीत. म्हणून हा लेख अर्जापासून सुरू न करता पटकथेपासून सुरू केला आहे.

प्रमाणपत्र कोणाला लागतं

सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. सार्वजनिक ठिकाणी चित्रपट दाखवायचा असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र हवं, एवढं त्याचं सार. मंडळ १९५१ साली सेन्सॉर बोर्ड म्हणून सुरू झालं, १९८३ मध्ये नावातला ‘सेन्सॉर’ गेला, लोकांच्या तोंडी मात्र तोच राहिला. देशात नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत. मराठवाड्यात एकही नाही, आपला सिनेमा मुंबईच्या कार्यालयाकडे जातो.

‘सार्वजनिक’ म्हणजे फक्त टॉकीज असं समजू नका. गणेश मंडळाने चौकात पडदा लावला किंवा तालुक्याच्या सभागृहात तिकीट लावून खेळ केला, तरी तो सार्वजनिकच. लघुपट नुसता यूट्यूबवर टाकायचा असेल तर मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. ओटीटी मंचांसाठी २०२१ चे वेगळे नियम आहेत आणि तिथे वयाची श्रेणी मंच स्वतःच लावतो. महोत्सवांचं आणखी निराळं. कायद्याच्या कलम ९ खाली माहिती व प्रसारण मंत्रालय सूट देऊ शकतं, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासारख्या ठिकाणी प्रमाणपत्राविना चित्रपट दाखवता येतो. ही सूट आयोजक मिळवतात आणि ती त्या महोत्सवापुरतीच असते. ‘महोत्सवात चालला म्हणजे टॉकीजला चालेल’ हा हिशोब चुकीचा.

नाटकाचा या सगळ्याशी संबंध नाही. त्याची संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते.

श्रेणी कोणत्या आणि त्या ठरवायच्या कधी

२०२३ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनंतर श्रेणी अशा आहेत: ‘यू’ सर्वांसाठी, ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ पालकांच्या मार्गदर्शनाखाली, ‘ए’ फक्त प्रौढांसाठी, आणि ‘एस’ डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ यांच्यासारख्या विशिष्ट वर्गासाठी. आपल्या कामाच्या पहिल्या पाचच.

यूएच्या तिन्ही आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या, कारण टॉकीजवाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळ्यांचा इथे गोंधळ होतो. १३+ म्हणजे बारा वर्षांच्या पोराला दारात अडवा, असं नाही. ती पालकांना दिलेली सूचना आहे, आणि ती पाळायची की नाही हे पालक ठरवतात. दारात अडवण्याची सक्ती फक्त ‘ए’ला, १८ वर्षांखालच्यांसाठी.

आता पैशांचं. ‘ए’ सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही. मराठी सिनेमाच्या खर्चाचा मोठा भाग सॅटेलाइट हक्कांतून वसूल होतो, म्हणून वितरक पहिल्या भेटीतच विचारतो, ‘यूए मिळेल ना?’ टीव्हीसाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घेण्याची वाट कायद्यात आहे, पण संकलनाचा आणि मिक्सिंगचा खर्च पुन्हा बसतो. पटकथेच्या पहिल्या पानावरच हवी ती श्रेणी लिहून ठेवा आणि पुढचा प्रत्येक जड प्रसंग तिच्याशी ताडून पाहा. प्रौढांचाच सिनेमा करायचा असेल तर तोही खुशाल करा. मधेच कच खाऊन अर्धे प्रसंग कापलेला ‘ए’ सिनेमा मात्र कोणाच्याच कामाचा राहत नाही.

पटकथेतले जड प्रसंग

प्रमाणपत्र कोणत्या कारणांनी नाकारता येतं, ते कायद्याचं कलम ५-ब सांगतं: देशाचं सार्वभौमत्व आणि सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी. त्याखाली १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं येतात. निरर्थक हिंसा, गुन्ह्याची पद्धत शिकवणारी दृश्यं, मुलांना हिंसेत ओढणं, प्राण्यांचे हाल, व्यसनाचं उदात्तीकरण, स्त्रियांची हेटाळणी, जाती-धर्मांचा अवमान अशी ती यादी. चित्रपट एकूण परिणामाने आणि आजच्या काळाच्या मापाने पाहावा, हेही त्याच तत्त्वांत लिहिलेलं आहे. सिनेमा तपासणाऱ्या मंडळाच्या परीक्षण समितीपुढे बाजू मांडताना हे वाक्य फार उपयोगी पडतं.

आपल्याकडच्या कथांमध्ये चार गोष्टी वारंवार येतात.

पहिली, शेतकरी आत्महत्या. विषयाला हरकत नसते, पण कृतीचा तपशील दाखवला की श्रेणी वर सरकते आणि कटही येतो. बाटली हातात घेणं, तिच्यावरचं लेबल, झाकण फिरवणं, मग चेहऱ्याचा क्लोजअप, अशी मालिका लावली तर बघणाऱ्यासमोर पद्धत मांडली जाते. तोच प्रसंग उंबऱ्यावर ठेवलेल्या चपला, दारात थांबलेली बायको आणि गोठ्यातून येणारा हंबरडा यांवर घेतला तर परिणाम कमी होत नाही आणि यूए १३+ ची आशा राहते. कीटकनाशकाचं खरं ब्रँडनाव कुठेच दिसू देऊ नका, ते कंपनीच्या बदनामीचंही प्रकरण होतं. मेलेल्या माणसाला ‘सुटला बिचारा’ म्हणणारा संवाद कोणाच्या तोंडी आहे आणि त्याला कोणी उत्तर देतं का, हे तपासा. समिती तेवढं नेमकं बघते.

दुसरी, शिव्या. ‘मुडद्या’, ‘मेल्या’ या आपल्याकडे आजीच्या मायेच्या शिव्या, त्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही. आई-बहिणीवरच्या शिव्यांनी मात्र श्रेणी झपाट्याने वर जाते, आणि जातिवाचक शब्दाचं तर वेगळंच. तो अन्याय दाखवण्यासाठी आला असला तरी म्यूट सुचवला जाण्याची शक्यता धरून चाला. यावर उपाय डबिंगच्या टेबलावरच होतो: प्रत्येक जड शब्दाला ओठांच्या हालचालीशी जुळणारा एक सौम्य शब्द त्याच दिवशी, त्याच नटाकडून, त्याच माइकवर रेकॉर्ड करून ठेवा. सहा महिन्यांनी नट दुसऱ्या मालिकेत गुंतलेला असतो, मग संवादाच्या मधोमध आवाज गेल्याचं भगदाड तसंच पडद्यावर जातं.

तिसरी, लावणी आणि वग यांतलं द्व्यर्थी बोलणं. गाण्याचे पूर्ण शब्द अर्जासोबत द्यावे लागतात, त्यामुळे काही लपत नाही. शब्दांपेक्षा कॅमेरा जास्त अडचणीत आणतो. ओळ मोघम असते आणि चौकट कंबरेवर जाऊन थांबते, तेव्हा तीच ओळ अश्लील ठरते.

चौथी, रझाकारांचा काळ. १९४८ च्या आधीच्या घटना दाखवताना खरी गावं, खऱ्या व्यक्ती आणि समाजांची नावं आली की पुरावे विचारले जातात. कोणता प्रसंग कोणत्या ग्रंथावर किंवा कागदपत्रावर आधारलेला आहे, याची फाइल लेखकाने लिहितानाच करावी. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी लावून खऱ्या माणसाचं नाव वापरणं चालत नाही.

कॅमेरा लावण्याआधीचे कागद

प्राणी. मराठवाड्यातल्या ग्रामीण सिनेमाचा सगळ्यात मोठा अडथळा हाच. चित्रीकरणात वापरायच्या प्राण्यांसाठी २००१ चे नियम आहेत आणि परवानगी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ देतं, ज्याला सगळे ‘ॲनिमल बोर्ड’ म्हणतात. ते हरियाणात बल्लभगडला आहे. काम दोन टप्प्यांत: शूटिंगआधी परवानगी, शूटिंगनंतर ना-हरकत प्रमाणपत्र. आधीची परवानगी नसेल तर नंतरचा कागद मिळवताना नाकी नऊ येतात, आणि तो नसला तर सेन्सॉरची फाइल पुढे सरकत नाही.

शेजारच्या देवणी किंवा लाल कंधारी बैलांची जोडी पोळ्याच्या दृश्यापुरती आणली, तरी त्यांची संख्या, मालकाचं नाव, दृश्याचं वर्णन आणि पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र तयार ठेवा. दृश्याचं वर्णन लिहिताना ‘बैल कोसळतो’ असं मोघम लिहू नका. तो कसा दाखवणार, प्रशिक्षित बैल बसवणार की संगणकावर करणार, हे स्पष्ट लिहा. चौकटीत सहज येऊन गेलेली शेळी आणि प्रसंगात वापरलेला बैल यांची नोंद वेगवेगळी करा. नागपंचमीच्या दृश्यासाठी गारुड्याकडचा खरा नाग आणू नका, तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. शॉट संगणकावर केला असेल तर तसं लिहून देणारा व्हीएफएक्स स्टुडिओचा कागद जोडा.

मुलं. १४ वर्षांखालचा बालकलाकार असेल तर शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या. अर्जासोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि जबाबदार व्यक्तीचं नाव जातं, एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त पाच मुलं. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या मिळकतीतले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. सिनेमात याबद्दलची पाटीही लागते. उस्मानाबादी शेळ्या राखणारा पोरगा गावातलाच आहे, हौसेनं उभा राहिला, म्हणून कागद टाळता येत नाही.

तंबाखू. विडी, चिलीम, गुटखा, मिसरी, तळहातावरची तंबाखू, यांतलं काहीही दिसलं की तीन गोष्टी येतात. आरोग्य मंत्रालयाची किमान ३० सेकंदांची जनजागृती चित्रफीत सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर. २० सेकंदांचं दृक्-श्राव्य निवेदन त्याच दोन ठिकाणी. आणि तंबाखू दिसत असेपर्यंत पडद्याच्या तळाशी स्थिर सूचना. ही सूचना पांढऱ्या पट्टीवर काळ्या, वाचता येतील अशा अक्षरांत आणि सिनेमाच्या भाषेत असते. हमखास होणारी चूक म्हणजे आजोबा तंबाखू मळत असतात आणि खाली ‘धूम्रपानामुळे कर्करोग होतो’ अशी पट्टी. तिथे तंबाखूची सूचना हवी. दुसरी चूक, शॉट बदलला म्हणून पट्टी काढली, आणि पुढच्या शॉटमध्ये कोपऱ्यात विडी पेटलेलीच. संकलकाला एकदा आवाज बंद करून, फक्त हात आणि तोंडं बघत अख्खा सिनेमा पाहायला लावा. पाकिटाचा ब्रँड दिसू द्यायचा नाही. तंबाखू का दाखवली, याचं लेखी कारणही मंडळाला द्यावं लागतं. त्यात ‘वातावरणनिर्मिती’ एवढंच लिहू नका. पात्र आणि प्रसंग नेमका सांगा.

अर्ज

अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. आधी निर्मात्याची नोंदणी, मग चित्रपटाची माहिती, कागद, शुल्क. शुल्क चित्रपटाच्या लांबीनुसार ठरतं. कथासार, श्रेयनामावली, संपूर्ण संवाद, गाण्यांचे शब्द, निर्माता संघटनेकडे नाव नोंदवल्याचं पत्र, वर सांगितलेले ना-हरकत कागद हे सगळं एका फोल्डरमध्ये हाताशी ठेवा. नाव नोंदवण्याचं काम फार आधी उरका. तेच नाव दुसऱ्या कोणी घेतलेलं निघालं तर पोस्टरपासून पडद्यावरच्या टायटलपर्यंत सगळं बदलावं लागतं. मराठी सिनेमाची श्रेयनामावली नुसती इंग्रजीत ठेवू नका.

संवादांची यादी अंतिम संकलनावरून, ऐकून लिहून काढा. पटकथेची फाइल तशीच चढवली की सेटवर बदललेली वाक्यं तिच्यात सापडत नाहीत आणि समितीच्या मनात संशय येतो. ठेठ बोलीतल्या शब्दांपुढे प्रमाण मराठीत अर्थ द्या.

लांबी. सेकंदाला २५ फ्रेमवर संकलित केलेला १२० मिनिटांचा सिनेमा २४ फ्रेमच्या डीसीपीत, म्हणजे टॉकीजला जाणाऱ्या डिजिटल प्रतीत, नेला तर तो १२५ मिनिटांचा होतो. अर्जात संकलकाने सांगितलेला आकडा जातो, पडद्यावर दुसरा निघतो, आणि कटचे टाइमकोडही जुळत नाहीत. अर्जातली लांबी डीसीपीवरून मोजा.

सिनेमा पूर्ण झालेला हवा. आवाजाचं अंतिम मिक्सिंग आणि टायटल्स राहिली आहेत, ‘तेवढं नंतर करू’, असं नेऊ नका. प्रदर्शनाची तारीख जाहीर करून मग अर्ज करणं ही आणखी एक खोड. तातडीच्या परीक्षणाची सोय जास्त शुल्कात आहे, पण परीक्षण लवकर झालं म्हणून कट लवकर होत नाहीत. हाताशी दोन-तीन महिने ठेवा. डिसेंबरात तर जास्तच जपा: राष्ट्रीय पुरस्कारांसाठी चित्रपट कोणत्या वर्षाचा हे प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरतं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर.

समितीपुढे

परीक्षण समिती सिनेमा बघते तेव्हा निर्माता आत नसतो. समितीत सल्लागार सदस्य आणि मंडळाचा परीक्षण अधिकारी असतो, स्त्रियांचा सहभाग बंधनकारक आहे. प्रत्येक सदस्य आपलं मत लेखी देतो. नंतर अर्जदाराला बोलावून श्रेणी आणि सुचवलेले बदल सांगितले जातात. इथे वाद घालायला प्रशासन सांभाळणारा मॅनेजर पाठवू नका. ज्याला प्रत्येक शॉट पाठ आहे असा दिग्दर्शक किंवा संकलक जाऊ दे.

उत्तर प्रत्येक कटसाठी वेगळं द्या. सुचवलेला बदल, तो प्रसंग कथेत का आहे, आणि तुमचा पर्याय, असं. ‘पूर्ण प्रसंग काढा’ याला ‘दोन शॉट काढतो, आवाज कमी करतो’ हा पर्याय बऱ्याचदा मान्य होतो. नुसतं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण देऊन काही हलत नाही. के. ए. अब्बास खटल्यात १९७० सालीच सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवलं आहे. त्याऐवजी १९८९ च्या एस. रंगराजन खटल्याचा आधार घ्या: प्रसंग अतिसंवेदनशील माणसाच्या नजरेने न बघता साधारण समजुतीच्या, विवेकी माणसाच्या नजरेने बघावा, असं त्यात म्हटलं आहे.

निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं, आणि पहिल्या समितीत बसलेले सदस्य तिथे नसतात. पूर्वी त्यापुढे अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय, म्हणजे वकील, वेळ आणि पैसा. छोट्या निर्मात्याने पुनरीक्षणातच पूर्ण ताकद लावावी.

कट करताना आणि नंतर

संवाद, संगीत आणि इतर ध्वनी यांचे ट्रॅक वेगळे जपून ठेवा. एकत्र केलेल्या मिक्समधून एक शब्द म्यूट केला की त्याखालचं संगीतही तेवढ्यापुरतं गायब होतं आणि अख्ख्या टॉकीजला कळतं. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत संकलनाचा प्रोजेक्ट हार्डडिस्कवरून हलवू नका.

बदल करून दाखवल्यावर प्रमाणपत्र मिळतं. त्याच्या दुसऱ्या भागात कटची नोंद असते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते कायमचं वैध आहे, पूर्वीची दहा वर्षांची मुदत गेली. सिनेमाच्या सुरुवातीला ते पडद्यावर दाखवायचं, पोस्टर आणि जाहिरातींवर श्रेणी छापायची. ट्रेलर टॉकीजमध्ये लावायचा असेल तर त्याचं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. प्रदर्शनानंतर एखादं गाणं वाढवायचं किंवा प्रसंग काढायचा असेल, तर तेही मंडळाला कळवून मान्य करून घ्यावं लागतं. प्रमाणित प्रतीत परस्पर बदल करणं हा गुन्हा आहे, मग तो बदल वितरकाने ‘सिनेमा लांबला’ म्हणून केलेला का असेना.

टॉकीजवाले आणि जत्रेतले तंबू

‘ए’ सिनेमा १८ खालच्याला दाखवला तर कलम ७ खाली कारवाई होऊ शकते. तिकीट ऑनलाइन विकलं गेलं ही सबब दारात चालत नाही, ओळखपत्र दारातच बघायचं. खिडकीवर श्रेणी मोठ्या अक्षरांत लावली तर लेकरं घेऊन चाळीस किलोमीटरवरून आलेल्या कुटुंबाशी होणारा अर्धा वाद तिथेच मिटतो.

जत्रेत पडदा लावणाऱ्यांनी दोन कागद जवळ ठेवावेत: चित्रपटाचं प्रमाणपत्र आणि जागेचा परवाना. हा परवाना राज्याच्या वेगळ्या कायद्याखाली जिल्हा प्रशासनाकडून मिळतो, सेन्सॉर मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही. वितरकाकडून डिस्क घेताना प्रमाणपत्रातली लांबी आणि डिस्कवरची लांबी जुळवून बघा. पाच-सात मिनिटांचा फरक निघाला तर ती प्रमाणित प्रत नाही असं धरून ती परत करा, कारण तपासणीला आलेला अधिकारी वितरकाला शोधत बसत नाही, प्रोजेक्टर ज्याच्या नावावर आहे त्याचंच नाव लिहून घेतो.